सुरुवातीच्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांच्या डाय व्हरायटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या टांकसाळीने १७९५ ते १८३४ या काळात पाडलेली सोन्याची नाणी आणि त्यांच्यातले डायचे भेद यांबद्दल नवे संग्राहक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काहींना दोन ओळी पुरल्या.

‘सुरुवातीची’ म्हणजे नेमकी कोणती नाणी?

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली, १७९५ पासून ऑगस्ट १८३४ च्या आधीपर्यंतची. यात तीन मूल्यं येतात: अडीच डॉलरचं क्वार्टर ईगल, पाच डॉलरचं हाफ ईगल आणि दहा डॉलरचं ईगल. सोनं बावीस कॅरेटचं. वजनं कायद्यानेच ग्रेनमध्ये ठरलेली: ईगल २७०, हाफ ईगल १३५, क्वार्टर ईगल साडेसदुसष्ट. जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ईगल बरोब्बर दीड तोळ्याचं, हाफ ईगल पाऊण तोळ्याचं आणि क्वार्टर ईगल साडेचार मासे. हा निव्वळ योगायोग, पण आपल्याला लक्षात ठेवायला सोपा. (आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, तो हा नव्हे. ईगल साडेसतरा ग्रॅम भरतं.)

तिन्ही मूल्यं सलग पाडली गेली नाहीत. ईगल १८०४ नंतर थांबलं ते थेट १८३८ मध्ये परत आलं. क्वार्टर ईगल १७९६ ला सुरू झालं, १८०८ नंतर तेरा वर्षं गायब होतं. हाफ ईगल मात्र जवळजवळ कायम पाडलं जात होतं, म्हणून या छंदाचा मोठा भाग त्याच्याभोवती फिरतो.

टांकसाळीचा कायदा १७९२ चा, मग सोनं १७९५ पर्यंत का थांबलं?

जामिनामुळे. सोन्याचांदीला हात लावणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रत्येकी दहा हजार डॉलरचा जामीन द्यावा अशी अट होती आणि एवढी रक्कम त्यांच्याकडे नव्हती. १७९४ मध्ये काँग्रेसने ती कमी केली, आधी चांदी सुरू झाली आणि ३१ जुलै १७९५ रोजी ७४४ हाफ ईगलांची पहिली खेप बाहेर पडली. सप्टेंबरात पहिली ४०० ईगल आली.

डाय व्हरायटी म्हणजे काय? एकाच सालची नाणी वेगळी कशी असतील?

डाय म्हणजे पोलादाचा ठसा. नाण्याच्या दोन बाजूंना दोन डाय. आज एका मूळ नमुन्यावरून हजारो एकसारखे डाय निघतात. १७९५ मध्ये तसं नव्हतं. मधली मोठी आकृती, म्हणजे लिबर्टीचं (स्वातंत्र्याचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) डोकं किंवा गरुड, एका पंचाने उठवत. त्याच्याभोवतीचे तारे, अक्षरं आणि सालाचे आकडे मात्र एकेक पंच हातात धरून, हातोडीने, डायवर उलटे ठोकायचे. पंधरा तारे म्हणजे पंधरा वेळा अंदाज. एखादा तारा केसांच्या बटेला चिकटतो, एखादा लिबर्टीच्या टोपीपासून लांब राहतो, सालातला शेवटचा आकडा तिरका बसतो. दोन डाय अगदी सारखे होणं अशक्यच होतं.

एका सालात पुढच्या बाजूचे समजा तीन डाय वापरले आणि मागच्या बाजूचे चार, तर त्यांच्या ज्या ज्या जोड्या प्रत्यक्ष यंत्रावर चढल्या ती प्रत्येक जोडी म्हणजे एक व्हरायटी. संग्राहक हिला ‘डाय मॅरेज’ म्हणतात. डाय तुटेपर्यंत वापरायचा ही रीत असल्यामुळे एक मोडला की दुसरा नव्या जोडीदाराबरोबर चालू राहायचा. १७९५ च्या लहान गरुडाच्या हाफ ईगलच्या अशा बारा जोड्या ओळखल्या गेल्या आहेत, १७९९ च्या ईगलच्या दहा. उलट १८०८ च्या क्वार्टर ईगलची एकच.

ज्यांनी शिवराई जमवली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरं कुठे मोडतात, वेलांटी कशी वळते, ठिपके कुठे येतात हे बघत बसायची सवय डोळ्यांना असतेच. इथे तीच सवय लागते, फक्त कागदोपत्री नोंदी कितीतरी जास्त हाताशी असतात.

हे सगळं बघून मिळतं काय?

टांकसाळीच्या आत काय चाललं होतं त्याचा क्रम मिळतो. माझ्या मते या छंदाचं खरं आकर्षण तेच. दुर्मीळपणा त्याच्या मागून येतो.

हाफ ईगलच्या मागच्या बाजूला आधी तोंडात पानांचं कडं धरलेला लहान गरुड होता. मग छातीवर ढाल असलेला मोठा गरुड आला. हा बदल हाफ ईगलवर १७९८ च्या सुमारास झाला. तरीही १७९५ साल घातलेली, मोठ्या गरुडाची हाफ ईगल सापडतात. आणि १७९८ साल घातलेली, लहान गरुडाचीही सापडतात! म्हणजे एकीकडे जुन्या सालाचा शिल्लक डाय नव्या गरुडाबरोबर चढवला, दुसरीकडे नव्या सालाचा डाय जुन्या गरुडाबरोबर. सालाकडे बघून कुणाचाही गोंधळ होईल. डायवरच्या चिरा कशा वाढत गेल्या ते पाहिलं की कोणतं नाणं आधी पाडलं, कोणतं नंतर, हे कळतं. १७९५ च्या मोठ्या गरुडाची नाणी १७९५ ची नाहीतच हा निष्कर्ष असाच निघाला.

असं का झालं? चांगलं पोलाद महाग, डाय कोरणारे हात मोजके. मुख्य कोरीवकाम करणारा रॉबर्ट स्कॉट एकटा किती पुरणार? त्यात भर म्हणून फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ यायची. १७९७, १७९८ आणि १७९९ अशी ओळीने तीन वर्षं टांकसाळ काही आठवडे बंद ठेवावी लागली. परत आल्यावर हाताला लागेल तो डाय यंत्रावर चढला असेल, तर नवल नाही. १७९८ च्या लहान गरुडाची नाणी आज दहासुद्धा उरलेली नाहीत.

लिलावाच्या यादीत ‘बीडी-३’ असं लिहिलेलं असतं ते काय?

बास आणि डॅनरॉयथर यांची आद्याक्षरं. हॅरी बास ज्युनियर हे डॅलसचे संग्राहक. त्यांनी सुरुवातीचं अमेरिकन सोनं नुसत्या सालांप्रमाणे न जमवता डायच्या जोडीप्रमाणे, आणि त्याच जोडीच्या झिजेच्या टप्प्यांप्रमाणेही जमवलं. १९९८ मध्ये ते वारले. त्यांच्या संग्रहाचा आणि टिपणांचा आधार घेऊन जॉन डॅनरॉयथर यांनी २००६ मध्ये जी सूची प्रसिद्ध केली तिचे हे क्रमांक. प्रत्येक मूल्याच्या प्रत्येक सालाला क्रमांक एकपासून सुरू होतात, म्हणून नुसतं ‘बीडी-३’ म्हणण्यात अर्थ नाही. ‘१७९५ ईगल, बीडी-३’ असं पूर्ण म्हणायचं. जुन्या लिलाव-याद्यांत ब्रीन, मिलर किंवा टराझ्का यांचे क्रमांक दिसतील. ते आधीच्या अभ्यासकांचे. दोन्हींचा मेळ घालणारे तक्ते मिळतात.

आर-१ ते आर-८ कसं वाचायचं?

आज किती नाणी अस्तित्वात असावीत त्याचा हा अंदाज. आर-८ म्हणजे एक ते तीन, आर-७ म्हणजे चार ते बारा, आर-६ म्हणजे तेरा ते तीस, आर-५ म्हणजे एकतीस ते पंचाहत्तर, आर-४ म्हणजे शहात्तर ते दोनशे. त्याच्या खालचे आकडे या सोन्यात फारसे भेटत नाहीत. चांदीच्या किंवा तांब्याच्या नाण्यांत आर-४ म्हणजे ‘बरं आहे’ इतपत वाटतं. इथे आर-४ ही जवळपास ‘सहज मिळणारी’ व्हरायटी.

हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. एकच नाणं तीन लिलावांत फिरलं तर बेसावध माणूस त्याला तीन नाणी समजतो. ग्रेडिंग कंपन्यांच्या, म्हणजे नाणं तपासून त्याच्या स्थितीला आकडा देणाऱ्यांच्या, आकडेवारीतही तेच होतं: जास्त ग्रेडच्या आशेने लोक एकच नाणं पुन्हा पुन्हा पाठवतात आणि आकडा फुगतो.

भिंगाशिवाय ओळखता येतील अशा व्हरायटी कोणत्या?

भरपूर आहेत, आणि सुरुवात यांच्यापासूनच करावी.

सगळ्यात सोपी म्हणजे सालावर साल ठोकलेली, ज्यांना ओव्हरडेट म्हणतात. डाय शिल्लक राहिला, साल उलटलं, मग जुन्या आकड्यावर नवा पंच मारायचा. १८०२ ची झाडून सगळी हाफ ईगल १ वर २ मारलेली आहेत आणि १८०३ ची सगळी २ वर ३. त्यामुळे या दोन सालांत ओव्हरडेट म्हणून जास्तीचे पैसे कुणी मागितले तर हसून पुढे जावं. याच्या दुसऱ्या टोकाला १८२५ चं हाफ ईगल आहे: ४ वर ५ मारलेली त्याची फक्त दोन नाणी माहीत आहेत.

मग पानं मोजायची. १७९५ च्या ईगलवर गरुडाच्या पायाखाली ताडाची फांदी आहे. बहुतेक नाण्यांवर तिला तेरा पानं आहेत, एका जोडीवर नऊ. ही नऊ पानांची म्हणजेच बीडी-३. अशी आज साधारण वीसेक नाणी उरली आहेत. कमी ग्रेडच्या नाण्यावरही पानं मोजता येतात हा तिचा मोठा गुण.

त्यानंतर तारे. सुरुवातीला पंधरा राज्यांचे पंधरा तारे होते. १ जून १७९६ ला टेनेसी सामील झालं, तारे सोळा झाले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की राज्यं वाढतच जाणार, तेव्हा मूळच्या तेरांवर परत आले. १७९७ च्या हाफ ईगलवर पंधरा तारेही मिळतात आणि सोळाही. डाव्या-उजव्या बाजूंची वाटणीही बघायची: ७ वर ८ मारलेल्या १७९८ च्या ईगलमध्ये एका व्हरायटीवर डावीकडे नऊ आणि उजवीकडे चार तारे आहेत, दुसरीवर सात आणि सहा. दोन्ही दुर्मीळ, सात-सहा वाटणीची जास्तच. १८३२ च्या हाफ ईगलवर तेराऐवजी बाराच तारे मारलेला एक डाय आहे. एक तारा विसरलाच! ही नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आकड्यांचा आकार हा पुढचा टप्पा. १८०६ च्या हाफ ईगलमध्ये ६ चं टोक अणकुचीदार आहे की गोल, ते बघायचं. गोल टोकाची ६, डावीकडे सात तारे आणि उजवीकडे सहा असं नाणं असेल तर ती या संपूर्ण काळातली सर्वांत सहज मिळणाऱ्या व्हरायटींपैकी एक. पहिलं नाणं घ्यायला उत्तम. १८१० मध्ये साल लहान की मोठं आणि मूल्याचा ‘५’ लहान की उंच, यांच्या चार जुळण्या आहेत. त्यांतली मोठं साल-उंच ५ ही रोजची, लहान साल-लहान ५ ही स्वप्नातली. १८१८ मध्ये ‘स्टेट्स’ आणि ‘ऑफ’ हे दोन शब्द एका डायवर जोडून ठोकले गेले, तर दुसऱ्या डायवर ‘५ डी’ (पाच डॉलर) ऐवजी आधी ‘५०’ मारून नंतर दुरुस्ती केलेली दिसते. १७९५ च्या एका हाफ ईगलवर ‘स्टेट्स’ च्या शेवटच्या अक्षराखाली चुकून मारलेलं ‘डी’ अजून डोकावतं.

माझी आवडती मात्र दोन आहेत. पहिली, १८०३ चं ईगल: गरुडाच्या डोक्यावर ढग आणि तेरा तारे आहेत, पण एका डायवर उजवीकडच्या शेवटच्या ढगात एक चिमुकला चौदावा तारा लपलेला आहे. तो तिथे कसा आला याचा पुरावा कुठेच नाही. दुसरी, १८०४ चं क्वार्टर ईगल. मागे चौदा तारे असलेला त्याचा जो डाय आहे तोच डाय त्या सालच्या चांदीच्या डाइमलाही वापरला आहे. दहा सेंटचं आणि अडीच डॉलरचं नाणं एकाच डायमधून! त्यावेळी या नाण्यांवर मूल्य लिहीतच नसत आणि दोन्हींचा आकार जवळपास सारखा, म्हणून हे खपून गेलं. गंमत अशी की क्वार्टर ईगलमध्ये ही चौदा ताऱ्यांची जोडीच जास्त मिळते. तेरा ताऱ्यांची जेमतेम डझनभर असतील. हाफ ईगलवर ‘५ डी’ असं मूल्य आलं ते १८०७ मध्ये, टांकसाळीत कोरीवकाम करणाऱ्या जॉन राइशच्या नव्या चित्राबरोबर.

दुर्मीळ व्हरायटी म्हणजे महाग व्हरायटी, असंच ना?

नाही, आणि इथेच नवे लोक फसतात.

किंमत ठरते ती नाणं हवं असणाऱ्यांच्या संख्येवरून. नऊ पानांचं ईगल सगळ्या दरपुस्तकांत वेगळ्या ओळीत छापलेलं असतं, त्यामुळे ज्याला व्हरायटीचं काही पडलेलं नाही त्यालाही ते हवं असतं. याउलट एखादी आर-६ व्हरायटी, जिच्यात आणि नेहमीच्या जोडीत फरक इतकाच की एका अक्षराखालचं पान एक मिलिमीटर सरकलंय, ती बरेचदा त्या सालच्या साध्या नाण्याच्या भावात जाते. हे सोनं डायप्रमाणे जमवणारे लोकच थोडे आहेत. प्रत्येक नाण्याला काही हजार डॉलर लागत असतील तर एकाच सालची सहा-सहा नाणी कोण घेणार?

याचा अर्थ अभ्यास केलेल्या माणसाला संधी आहे. विकणाऱ्याने नुसतं ‘१८०७ हाफ ईगल’ लिहिलेलं असतं, फोटोत जोडी ओळखता येते. याला तिकडे ‘चेरीपिकिंग’ म्हणतात. पण त्यातून पैसा सुटेलच असं धरून चालू नका. ज्या कारणाने तुम्हाला ते स्वस्तात मिळालं, त्याच कारणाने पुढचा गिऱ्हाईकही जास्त देणार नाही. फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तरच बाजार त्याचे पैसे मोजतो, असं मी ढोबळमानाने धरतो.

टांकसाळीच्या नोंदीत हजारो नाणी आणि आज दोन-तीन, हे कसं?

१८२२ च्या हाफ ईगलचं उदाहरण घ्या. नोंद १७,७९६ नाण्यांची आहे आणि आज तीन उरली आहेत. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, म्हणजे ती बाजारात येणार नाहीत. तिसरं एलियासबर्ग यांच्या संग्रहातलं. ते १९८२ मध्ये ६,८७,५०० डॉलरला गेलं आणि मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला.

दोन कारणं. पहिलं म्हणजे त्या काळच्या नोंदी कॅलेंडरच्या वर्षाच्या आहेत, डायवरच्या सालाच्या नव्हेत. १८२२ मध्ये बाहेर पडलेल्या नाण्यांवर आदल्या वर्षाचं साल असू शकतं. म्हणून व्हरायटीवाला टांकसाळीच्या आकड्यांवर विसंबत नाही.

दुसरं मोठं. अमेरिकेच्या कायद्याने एका भार सोन्याला पंधरा भार चांदी असं प्रमाण बांधलं होतं. फ्रान्सने १८०३ मध्ये ते साडेपंधरा ठरवलं. म्हणजे अमेरिकेतलं सोनं युरोपात नेलं की घरबसल्या नफा. बँका आणि व्यापारी पिशव्याच्या पिशव्या भरून हाफ ईगल पाठवत आणि तिकडे ती वितळत. १८३४ मध्ये काँग्रेसने प्रमाण सोळाच्या घरात नेलं आणि हाफ ईगलचं वजन ८.७५ ग्रॅमवरून ८.३६ वर आणलं, शुद्धताही थोडी घटवली. त्यानंतर जुन्या पाच डॉलरच्या नाण्यातलं सोनं नव्या हिशेबाने साधारण ५.३३ डॉलरचं झालं. एवढं सांगितल्यावर जुनी नाणी कुठे गेली ते सांगायला नको. १८२० च्या दशकातली हाफ ईगल इतकी विरळ का, त्याचं हे उत्तर. त्या सालांत व्हरायटी सोडा, साल मिळालं तरी लोक देव पावला म्हणतात.

डाय स्टेट म्हणजे?

तीच डायची जोडी, पण आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. नवा डाय गुळगुळीत असतो. मग त्यावर केसासारखी चीर येते, ती एका ताऱ्यातून दुसऱ्यात जाते, शेवटी कडेचा तुकडाच निखळतो. चकती मध्ये नसताना दोन डाय एकमेकांवर आपटले तर एका बाजूच्या चित्राची सावली दुसऱ्या बाजूवर उमटते. टांकसाळीतले लोक ती घासून काढत, आणि त्या घासण्यात ताऱ्यांची टोकं व बारीक रेषाही झिजत.

एक नियम पाठ करून ठेवावा: डायवरची चीर नाण्यावर उंचवटा होऊन येते, नाण्यावरचा ओरखडा खोल असतो. नवशिक्याने फोटोवरून चीर म्हणून कौतुक केलेल्या निम्म्या रेषा ओरखडेच निघतात. उजेड एका बाजूने तिरका टाका, नाणं हळूहळू फिरवा, दहापट भिंग पुरतं.

नाण्यावर कानशीने घासल्यासारख्या समांतर रेघा आहेत. खराब झालंय का?

बहुतेक वेळा नाही. चकतीचं वजन जास्त भरलं तर ठसा मारण्याआधी ती कानशीने घासून बरोबर करत; कमी भरली तर पुन्हा वितळवत. या रेघांना अॅडजस्टमेंट मार्क म्हणतात. ठशाचा दाब पुरेसा नसेल तर त्या पुसल्या जात नाहीत. लिबर्टीच्या गालावर ठळक असतील तर भाव उतरतो, कडेला असतील तर फारसा नाही. ग्रेडिंग कंपन्या त्यांना इजा मानत नाहीत.

दागिन्यातून काढलेलं नाणं घ्यावं का?

पुतळ्यांची माळ आपल्याला नवी नाही, अमेरिकेतही लोकांनी ही नाणी लॉकेटात, घड्याळाच्या साखळीत, पिनेत बसवली. कडेला झाळ (सोल्डर) लावल्याची खूण, बुजवलेलं भोक, पॉलिशने आलेली खोटी चमक असं काहीतरी राहतंच. अशा नाण्याला पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या आकड्यातला ग्रेड देत नाहीत, ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात आणि किंमत बरीच खाली येते.

टाइप म्हणून, म्हणजे त्या चित्राचा नमुना म्हणून, एकच सुंदर नाणं हवं असेल तर नका घेऊ. पण व्हरायटीच्या अभ्यासासाठी मी जरूर घेईन. नऊ पानं भोक पाडलेल्या नाण्यावरही नऊच असतात. फक्त बुजवलेलं भोक नेमकं सालावर किंवा ताऱ्यांवर नाही ना, ते बघा. दुरुस्ती करणाऱ्याने आकडे नव्याने कोरले असतील तर सगळंच मुसळ केरात.

नकली नाणी ओळखायला व्हरायटीचा उपयोग होतो का?

सर्वांत जास्त तिथेच होतो. खरं नाणं ज्ञात जोड्यांपैकी कुठल्यातरी एका जोडीत बसलं पाहिजे. पुढची बाजू १८०७ च्या एका डायची आणि मागची अशा डायची की जो तोवर मोडून गेला होता, असं दिसलं तर नाणं आधी संशयाच्या पिंजऱ्यात. नवीन जोडी सापडणं अशक्य नाही, पण ती तुमच्याच वाट्याला आली असेल अशी शक्यता कितीशी?

हल्लीचे चांगले नकली डाय एखाद्या खऱ्या नाण्यावरून उतरवलेले असतात. त्या खऱ्या नाण्यावरचे खड्डे-ओरखडेही मग प्रत्येक नकलेत येतात. दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर एकाच जागी एकसारखा ठोका दिसला की समजावं. वजन बघा: हाफ ईगल ८.७५ ग्रॅम, थोडी झीज वजा. पाण्यात तोलून विशिष्ट गुरुत्व काढलं तर ते साधारण साडेसतराच्या आसपास यावं. कड बघा, ती दातेरी हवी. ग्रेडिंग कंपनीच्या प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत असलेलं नाणंही खरंच असेल असं नाही, डब्यांचीही नक्कल होते. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून बघा.

एकही नाणं विकत न घेता हा विषय शिकता येतो का?

येतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तसाच शिकावा असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या लिलावगृहांचे जुने लिलाव मोठ्या फोटोंसकट खुले आहेत. न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टल या संकेतस्थळावर शेकडो जुन्या लिलाव-याद्या फुकट वाचता येतात. कोणतंही एक साल निवडा, समजा १७९९ चं ईगल. पन्नासेक नाण्यांचे फोटो गोळा करा, वर्णन झाका आणि ताऱ्यांच्या जागांवरून त्यांचे गट पाडा. मग झाकलेले क्रमांक उघडून बघा. लिलावगृहांचीही चूक कधीकधी सापडते, आणि तो आनंद नाणं विकत घेण्याइतकाच मोठा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी दर जानेवारीत फ्लोरिडात भरणारं फन (फ्लोरिडा युनायटेड न्युमिस्मॅटिस्ट्स) हे नाण्यांचं प्रदर्शन किंवा उन्हाळ्यातलं एएनएचं (अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनचं) मोठं प्रदर्शन एकदा तरी गाठावं. तिथे व्यापारी नाणं हातात देतात, भिंग तुम्ही न्या.

संग्रह कसा आखावा?

सगळ्या व्हरायटी जमवण्याचा विचार मनातून काढून टाका. काही जोड्यांची एकेकच नाणी उरली आहेत आणि तीही संग्रहालयांत. झेपेल अशा वाटा म्हणजे प्रत्येक चित्राचं एक नाणं घेणं, किंवा एकाच सालच्या मिळण्याजोग्या व्हरायटी, किंवा राइशच्या १८०७ ते १८१२ या सहा सालांची हाफ ईगल. शेवटची वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते: सगळी सालं मिळतात, चित्र एकच असल्यामुळे फरकावर डोळा ठरतो. राइशच्या डायवर तेराव्या ताऱ्याच्या टोकाला एक बारीक खाच दिसते. ती त्याची गुपचूप सही असल्याचं मानलं जातं.

भारतात असं नाणं मागवता येईल का?

मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा. सोन्याच्या नाण्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, सीमाशुल्कही लागतं आणि दोन्ही वेळोवेळी बदलतात. कस्टम्सचं काम करणाऱ्या जाणकाराला आधी विचारा, लिलावात बोली लावल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ‘पुरावशेष’ ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खाजगी माणसाला नाही. म्हणजे इथे आणलेलं हाफ ईगल पुढे ग्रेडिंगला किंवा विकायला अमेरिकेला पाठवायचं म्हटलं की अडलं. भारतात या नाण्यांना गिऱ्हाईकही जवळपास नाही. सराफाकडे नेलंत तर तो बावीस कॅरेटचे पाऊण तोळ्याचे पैसे देईल, त्यातही घट कापून. ज्यांची मुलंबाळं, नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी नाणं तिकडच्याच बँकेच्या लॉकरात ठेवावं, बिल आणि फोटो इकडे.

व्हरायटी डबीवर लिहून घ्यावी का?

ग्रेडिंग कंपन्या जादा शुल्क घेऊन बीडी क्रमांक छापून देतात. फरक डोळ्यांना दिसणारा असेल किंवा व्हरायटी आर-६ च्या वरची असेल तर घ्यावा. बाकीच्यांसाठी तुमच्या वहीतली नोंद पुरे: साल, बीडी क्रमांक, डाय स्टेट, कोणत्या लिलावातून आलं, आणि कोणत्या खुणेवरून ओळखलं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. दहा वर्षांनी वारसाला किंवा व्यापाऱ्याला नुसता क्रमांक दाखवलात तर तो सगळं पुन्हा तपासणार. खूण लिहिलेली असेल तर अर्ध्या मिनिटात ताडून बघता येते.